अवरुद्धा, रक्षा व नाटकशाळा

(१) मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांत रक्षा, राख, नाटकशाळा, कलावंतीण, कुणबीण, बटीक हे शब्द वारंवार आढळतात. दप्तरें चाळणाऱ्याला ते इतके सरावाचे झालेले असतात कीं, त्यांजपाशीं क्षणभर थांबावें असें त्याच्या मनांत येत नाहीं. इतिहासकार या सर्वांचा अर्थ 'ठेवलेली बाई' असा एकच करून पुढें जातो, आणि संग्राहक तसले कागद बहुधा 'किरकोळ' या सदराखालीं घालून मोकळा होतो. वास्तविक हे शब्द एकार्थक नाहींत. आणि त्यांतील भेद केवळ कोशकाराच्या कामाचा आहे असेंही नाहीं. त्या भेदावर एकेका स्त्रीचें अन्नवस्त्र अवलंबून असे. हें साधार दाखवावें व त्यावरून कागद जमविणाऱ्यांना एक विनंति करावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. देवदासी, भाविणी व मुरळ्या यांचा संबंध देवस्थानांशीं असल्यामुळें तो विषय निराळा आहे. त्याचा विचार येथें केलेला नाहीं.

(२) प्रथम संस्कृत ग्रंथ पाहूं. त्यांत गणिका व अवरुद्धा अशा दोन कोटी आरंभापासून वेगळ्या आहेत. गणिका ही राजसेवेंतील स्त्री होय. इ. स. १९०९ सालीं शामशास्त्री यांनीं प्रसिद्ध केलेल्या कौटिलीय अर्थशास्त्रांत गणिकाध्यक्षाचें एक स्वतंत्र प्रकरणच आहे. त्याप्रमाणें गणिकेला सरकारांतून वर्षाला १००० पण नेमणूक मिळावयाची. तिला सेवेंतून मोकळें व्हावयाचें असेल तर २४,००० पण निष्क्रय भरावा लागे, व तिच्या पुत्राला १२,००० पण. म्हणजे जी रक्कम चोवीस वर्षांच्या नेमणुकीइतकी होते, ती भरल्यावांचून तिची सुटका नव्हती. गणिकेच्या वैभवाचीं वर्णनें काव्यनाटकांतून पुष्कळ वाचावयास मिळतात. तीं वाचतांना हा आंकडा शेजारीं मांडून ठेवावा.

मृच्छकटिकाच्या शेवटीं नवा राजा आर्यक हा वसंतसेनेला 'वधू' हा शब्द बहाल करितो, हें प्रसिद्धच आहे. तिचें रूप, शील, संपत्ति अथवा चारुदत्तावरील प्रेम यांत त्या क्षणीं कांहींच पालटत नाहीं. पालटतो तो फक्त शब्द. परंतु त्या एका शब्दानें ती चारुदत्ताच्या घरांत कुलस्त्री म्हणून प्रवेश करूं शकते. नाटककाराला समाजव्यवहाराचें मर्म किती अचूक कळलें होतें, तें यावरून दिसून येतें.

(३) आतां अवरुद्धा. या शब्दाचा अर्थ 'अडवून, कोंडून ठेवलेली' असा आहे. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांत दुसऱ्याच्या अवरुद्धा व भुजिष्या दासींशीं संबंध ठेवणाऱ्या पुरुषाला ५० पण दंड सांगितला आहे. मिताक्षराकार विज्ञानेश्वर यानें या दोहोंतील भेद स्पष्ट केला आहे. धन्यानें परपुरुषाचा संपर्क वर्ज्य करून स्वतःच्या घरांत ठेविलेली ती अवरुद्धा. आणि विवक्षित पुरुषापुरतीच नियत झालेली ती भुजिष्या. येथवर पाहिलें तर हा सारा विचार धन्याच्या हक्काचा आहे; स्त्रीच्या हक्काचा त्यांत लेशही नाहीं.

तो येतो दायविभागांत, आणि तोही वळसा घेऊन. निपुत्रिक मेलेल्या ब्राह्मणेतराचें धन राजाकडे जावें व राजानें त्याच्या स्त्रियांना उपजीविका द्यावी, असें नारदाचें वचन आहे. उलट याज्ञवल्क्य अशा धनाची पहिली वारस म्हणून पत्नीचें नांव घेतो. या दोन वचनांचा मेळ कसा घालावयाचा? विज्ञानेश्वर म्हणतो कीं, नारदानें 'पत्नी' हा शब्द योजिलेला नसून 'स्त्री' हा शब्द योजिला आहे. अर्थात् तें वचन विवाहितेविषयीं नसून अवरुद्धेविषयीं आहे. पत्नीचा वारसा राखणें हा त्याचा मुख्य हेतु. परंतु पत्नीसाठीं वाट मोकळी करितांना त्यानें अवरुद्धेलाही हक्काचा एक कोपरा मिळवून दिला: यजमानाच्या मरणानंतर त्याच्या धनांतून तिचें जीवन चाललें पाहिजे. कल्याणीस चालुक्य विक्रमादित्याच्या (इ. स. १०७६ ते ११२६) राज्यांत बसून एका पंडितानें दोन शब्दांतील अंतर दाखविलें, आणि त्याचा आधार घेऊन पुढें आठशें वर्षांनीं मुंबईच्या बायका न्यायालयाचीं दारें ठोठावूं लागल्या! तो भाग पुढें येईलच.

(४) मराठींतील शब्दांकडे वळूं. रक्षा व राख हे दोन्ही शब्द 'रक्ष्' धातूचे. राखलेली ती राख. याच दोन्ही शब्दांचा मराठींत 'भस्म' असाही अर्थ आहे, आणि जुने कागद वाचणाऱ्यानें संदर्भ पाहूनच अर्थ ठरविला पाहिजे. नाटकशाळा हा तर मोठा चमत्कारिक शब्द. संस्कृतांत तें स्थळाचें नांव. मराठींत तें स्थळ सोडून व्यक्तीकडे आलें व थोरामोठ्यांच्या पदरीं असलेल्या स्त्रीला लागलें. कलावंतीण ही गायननृत्यावर उपजीविका करणारी; ती कोणाच्या पदरीं असेलच असें नाहीं. अंगवस्त्र हा शब्द उपहासाचा; पांघरावें आणि खुंटीला टांगावें, असा भाव त्यांत आहे. कुणबीण व बटीक यांची स्थिति सर्वांहून हीन. त्या विकत घेतल्या जात, बक्षीस दिल्या जात, व त्यांची किंमत हिशेबांत मांडली जात असे. गुलामगिरीला कायद्याचा आधार उरूं नये, अशी तजवीज इ. स. १८४३ च्या पांचव्या कायद्यानें झाली. तोंपर्यंत या स्त्रिया माणूस व मालमत्ता यांच्या सीमेवर उभ्या होत्या. रक्षा व बटीक यांना एकाच मापानें मोजणारा इतिहासकार या सीमेच्या दोन्ही बाजू पुसून टाकतो.

(५) रक्षा या कोटींतील सर्वांत सन्माननीय उदाहरण शाहू महाराजांच्या विरूबाईचें. महाराज मोंगलांच्या छावणींत असतां त्यांचें लग्न झालें, त्या वेळेपासून ती त्यांजबरोबर होती. नव्या वधूला पाहण्याची इच्छा बादशहानें दर्शविली तेव्हां वधूऐवजीं विरूबाईला पुढें केलें, अशी कथा सांगतात. सातारच्या राजवाड्यांत सकवारबाई व सगुणाबाई या राण्या असतांही खाजगीकडील कारभार विरूबाईच्या हातीं होता. अक्कलकोटच्या घराण्याचा मूळपुरुष फत्तेसिंह भोसले याला तिनें पुत्रवत् वाढविलें. इ. स. १७४० त ती वारली. येथें रक्षा या शब्दांत हीनतेचा वास नाहीं. राजाचा शब्द व राजवाड्याची रीत एकमेकांना धरून होतीं, म्हणून तिला 'वधू' या पदवीची उणीव भासली नाहीं.

(६) तें ज्या वर्षीं वारली त्याच वर्षीं मस्तानीचाही अंत झाला. दोघींच्या स्थितींत किती अंतर! मस्तानीविषयीं परंपरा दोन. बुंदेलखंडाच्या परंपरेप्रमाणें ती छत्रसालाची मुसलमान उपस्त्रीपासून झालेली कन्या, इ. स. १७२९ त बाजीरावानें महंमदखान बंगषापासून छत्रसालाला सोडविलें, त्या उपकाराच्या पोटीं ती पेशव्यांकडे आली. दुसरी परंपरा तिला कलावंतीण म्हणते. नानासाहेबाच्या इ. स. १७३० मधील विवाहाच्या कागदांत तिचें नांव प्रथम येतें, असें सरदेसायांनीं दाखविलें आहे. पुढें शनिवारवाड्यांत तिचा स्वतंत्र महाल झाला व त्या बाजूच्या दरवाज्याला तिचें नांव पडलें. कोथरूडच्या वाड्यांतील तिच्या महालाचे अवशेष पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयांत आज पाहावयास मिळतात, व तिची कबर पाबळ येथें आहे.

आमच्या लेखकांनीं तिच्या रूपावर व तिच्यामुळें झालेल्या गृहकलहावर पानेंच्या पानें खर्च केलीं. ती लग्नाची कीं बिनलग्नाची, हा वाद तर अजून मिटलेला नाहीं. परंतु विचारावयाचा प्रश्न निराळा आहे. तिचा आश्रय कोणत्या आधारावर उभा होता? तर एका पुरुषाच्या मर्जीवर, आणि तो पुरुष पुण्यांत असे तोंवरच. बाजीराव मोहिमेवर असतां इ. स. १७४० च्या आरंभीं घरच्या मंडळींनीं तिला पुण्यास अडकवून ठेविलें. स्मृतिकाराचा 'अवरुद्धा' हा शब्द तिच्या बाबतींत असा अक्षरशः खरा झाला! तिला कैदेंत ठेवणें शाहू महाराजांनाही रुचलें नव्हतें. पण ता. २८ एप्रिल १७४० रोजीं बाजीराव नर्मदाकांठीं रावेरखेडी येथें वारला, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत तीही गेली.

तिच्या पुत्राची हकीकत अधिक बोधप्रद आहे. द्विजाला दासीपासून झालेल्या पुत्राला शास्त्र दायांत वांटा देत नाहीं. तो अनुकूलपणें वागल्यास अन्नवस्त्र मात्र देववितें. शमशेर बहाद्दर (जन्म इ. स. १७३४) हा केवळ शास्त्रावर विसंबता तर एवढ्याचाच धनी ठरता. परंतु पेशव्यांच्या घरानें त्याला वाढविलें, सरदारी दिली, आणि पानिपतच्या रणांत जखमी होऊन तो इ. स. १७६१ त मरण पावला. त्याचा पुत्र अलीबहाद्दर यानें बुंदेलखंडांत अंमल बसविला व इ. स. १८०२ त कालिंजरच्या वेढ्यांत देह ठेविला. त्याचा वंश बांद्याचे नबाब म्हणून नांदला आणि सत्तावनच्या युद्धांत भाग घेतल्यामुळें पदच्युत झाला. म्हणजे दायविभागानें जें नाकारिलें तें सरंजामानें दिलें. मराठी राज्याचा व्यवहार या ठिकाणीं शास्त्राहून उदार होता. परंतु ही उदारता पुत्राला मिळाली, मातेला नाहीं. पुत्र तलवार धरूं शकत होता. मातेजवळ धरावयास कांहीं नव्हतें.

(७) तिसरें उदाहरण तुळसाबाई होळकरीण हिचें. यशवंतराव होळकराची ही उपस्त्री. यशवंतरावाला बुद्धिभ्रंश झाला तेव्हांपासून कारभारांत तिचा हात शिरला, आणि इ. स. १८११ त तो वारल्यावर अल्पवयी मल्हाररावाला पुढें करून तिनें सहा वर्षें दौलत चालविली. ता. २० डिसेंबर १८१७ रोजीं महिदपुरास क्षिप्रेच्या कांठीं तिच्याच फौजेंतील सरदारांनीं, ती इंग्रजांशीं संधान बांधते या संशयावरून, तिचा शिरच्छेद केला. दुसऱ्याच दिवशीं महिदपुरची लढाई होऊन होळकरांचा मोड झाला व ता. ६ जानेवारी १८१८ रोजीं मंदसोरचा तह झाला. माल्कमनें मध्य हिंदुस्थानावरील आपल्या ग्रंथांत (इ. स. १८२३) तिचें जें चित्र रेखाटलें, तेंच पुढील लेखकांनीं उतरून घेतलें. तिच्या हातून क्रूर कृत्यें झालीं नाहींत असें मला म्हणावयाचें नाहीं. म्हणावयाचें तें इतकेंच कीं, तिच्या समकालीन पुरुष कारभाऱ्यांच्या क्रौर्याला राजकारण म्हणणारी लेखणी तिच्या क्रौर्याचें मूळ मात्र तिच्या 'ठेवलेली' असण्यांत शोधते. हा न्याय नव्हे.

(८) राज्यें गेलीं, परंतु प्रश्न राहिला. इंग्रजी न्यायालयांपुढें अवरुद्धेच्या पोटगीचे दावे येऊं लागले आणि विज्ञानेश्वराचें तें वाक्य नव्यानें तपासलें जाऊं लागलें. अवरुद्धा म्हणजे घरांतच ठेविलेली काय? निराळ्या बिऱ्हाडीं ठेविलेली स्त्री अवरुद्धा ठरते कीं नाहीं? मुंबईच्या अशा एका दाव्यांत इ. स. १९२६ सालीं प्रिव्ही कौन्सिलनें निर्णय दिला कीं, एका छपराखालीं राहणें आवश्यक नाहीं; संबंध कायमचा व पुरुषाच्या मरणापर्यंत अखंड असला म्हणजे त्याच्या मिळकतींतून तिला पोटगी मिळाली पाहिजे. 'कोंडलेली' हा अर्थ अशा रीतीनें 'एकनिष्ठ' या अर्थाकडे सरकला.

हा हक्क फार काळ टिकला नाहीं. इ. स. १९५६ च्या हिंदु दत्तक व निर्वाह कायद्यांत मृताच्या आश्रितांची जी यादी दिली आहे, तींत अनौरस अज्ञान पुत्र व अविवाहित अनौरस कन्या यांना स्थान आहे, अवरुद्धेला नाहीं. एकपत्नीत्वाचा नियम घालून देणाऱ्या नव्या व्यवस्थेशीं हें सुसंगतच होतें, आणि त्या नियमाचें श्रेय कोणीही नाकारणार नाहीं. तथापि जुन्या स्मृतींत जो एक कोपरा त्या स्त्रीला होता तो नव्या संहितेंत गेला, ही गोष्टही नमूद केली पाहिजे. इ. स. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यानें 'विवाहसदृश संबंधांतील' स्त्रीला संरक्षण दिलें. परंतु केवळ ठेवलेली स्त्री त्यांत येत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें इ. स. २०१० त म्हटलें, आणि त्या निर्णयांतील 'ठेवलेली' या अर्थाच्या इंग्रजी शब्दावर पुष्कळ वादळ उठलें. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानें इ. स. २००३ त दुसऱ्या विवाहांतील स्त्रीला 'अवैध पत्नी' व 'एकनिष्ठ रखेली' अशा अर्थाचे शब्द वापरले होते. त्या शब्दांवर सर्वोच्च न्यायालयानें फेब्रुवारी २०२५ त कडक आक्षेप घेतला, आणि रद्दबातल ठरलेल्या विवाहांतील पक्षालाही निर्वाहखर्च देतां येतो असें ठरविलें. त्यापूर्वीं इ. स. २०२३ त त्याच न्यायालयानें प्रसिद्ध केलेल्या पुस्तिकेंत असले शब्द न्यायाधीशांनीं टाळावेत, अशी सूचना आहे. शूद्रकाच्या आर्यकानें जो विचार केला तोच आज न्यायाधीशांना करावा लागत आहे: या स्त्रीला कोणत्या शब्दानें हांक मारावयाची?

(९) येथें मला माझ्या हातून घडलेली एक चूक सांगितली पाहिजे. पस्तीस वर्षांमागें मी एका तालुक्याच्या गांवीं शिक्षक असतां तेथील एका घराण्याचे रुमाल पाहून त्यांची यादी करून देण्याचें काम मीं पत्करिलें. एका रुमालांत दोन कागद निघाले. एकांत घराण्यांतील एका पुरुषानें, आपल्या मागें अमुक बाईस सालोसाल धान्य, लुगडें व रोख रक्कम पावती करावी व कोणी हरकत करूं नये, असें लिहून दिलें होतें. दुसरी त्या बाईची पावती. खालीं तिची बांगडीची निशाणी. घरचे लोक संकोचले. त्यांचा संकोच पाहून मीही यादींत 'खाजगी, किरकोळ, २' एवढेंच लिहिलें. बाईचें नांव मीं लिहिलें नाहीं. त्या वेळीं हा मला शिष्टाचार वाटला. विज्ञानेश्वर मी शिकलों होतों. पण त्या कागदांत मला तो दिसला नाहीं.

कांहीं वर्षांनीं एक वृद्ध बाई माझ्याकडे आल्या. त्यांच्या आजीची आई त्या घरीं होती, असें त्यांच्याकडे सांगत. गांव तिला पळून आलेली म्हणे. 'पैसा नको, जमीन नको. ती घरांत मान्य होती एवढें कोठें लिहिलेलें आहे का, गुरुजी?' इतकेंच त्यांनीं विचारिलें. मीं त्या घराण्याकडे चौकशी केली. वाडा पाडतेवेळीं यादी पाहूनच निवड झाली होती; सनदा व पत्रें ठेविलीं, आणि 'किरकोळ' म्हणून लिहिलेलें सर्व रद्दींत गेलें. कागद होता, मीं तो वाचला होता, हें मीं त्या बाईंना सांगितलें. परंतु नांव मला आठवेना. माझी आठवण हा पुरावा नव्हे, हें त्यांनाही कळत होतें. 'बरं,' म्हणून त्या उठल्या.

(१०) म्हणून संग्राहकांना माझी विनंति आहे. असा कागद हातीं आला तर त्यांतील स्त्रीचें नांव यादींत अवश्य घालावें. तिच्यासाठीं मुळांत जो शब्द असेल, रक्षा, नाटकशाळा, कुणबीण, तोच जसाच्या तसा उतरावा. आपल्या पदरचा सभ्य अथवा असभ्य शब्द तेथें घालूं नये. नेमणुकीचे आंकडे लिहावेत, कारण बखरकार रागलोभानें लिहितो, पण धान्याच्या मापाला रागलोभ नसतो. नेमणुकीचा कागद व पावती यांची ताटातूट करूं नये; एक देणाऱ्याचा शब्द, तर दुसरी घेणारीची निशाणी. घरच्यांना संकोच असेल तर कांहीं वर्षें कागद मोहोरबंद ठेवावा, पण यादींतून गाळूं नये.

असल्या कागदांतून त्या स्त्रियांचें मन कळत नाहीं, हें खरें. त्या आपल्या इच्छेनें आल्या कीं आणल्या गेल्या, हें जमाखर्च सांगत नाहीं. आणि पुष्कळदां त्या आणल्या गेल्या असाव्यात, हें विसरून त्यांच्या जीविताला काव्याचा रंग देणें हा दुसरा अन्याय होईल. परंतु त्या होत्या, त्यांना नांव होतें, आणि कोणाच्या तरी धनावर त्यांचा हक्क लेखी मान्य झालेला होता, एवढें तरी ते कागद सांगतात. एका स्मृतिवचनांतील 'स्त्री' हा शब्द विज्ञानेश्वरानें नजरेआड होऊं दिला नाहीं, म्हणून कित्येकींना अन्न मिळालें. आपल्या हातच्या यादींत तेवढी दक्षता आपण घेतली पाहिजे. माझ्याच्यानें ती एकदां झाली नाहीं.